न कापलेला सीन

धाकट्या बहिणीची नात टीव्हीवरच्या नवख्या लघुपट दिग्दर्शकांच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोचली आणि मला घास उतरेना. तीस वर्षं मी स्टुडिओत इतरांचे सिनेमे कापले, जोडले; दिग्दर्शन मागितलं की सगळे हसायचे. हिला बाविसाव्या वर्षीच टाळ्या! फेरीआधी तिनं लघुपट दाखवून विचारलं, "आजी, काही कापू का गं?" शेवटचा रडारडीचा सीन नकोच होता, पहिल्याच नजरेत कळलं. म्हणाले, "हात लावू नकोस. झकास झालंय." आज परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "हा सीन ठेवलात कशाला? कुणी सांगितलं?" टीव्ही बंद करायला मी रिमोट उचलला. "कुणी नाही, सर," पोर म्हणाली. "आमच्या आजीनं तर केव्हाच कापला असता." बक्षीस दुसऱ्याला गेलं. शेजारी बसलेल्या बहिणीनं डोळे पुसत मला कोपरानं ढोसलं, "ऐकलंस, ताई? हरतानाही तुझंच कौतुक!" खोटंसुद्धा कार्टी माझ्यापेक्षा सुंदर बोलली.