जहाजावर पडलेला चेंडू

निकासिओनं फोन खिशात टाकला, हातातली डॉमिनोची सोंगटी दुकानातल्या टेबलावर पालथी घातली आणि म्हणाला, "काडीला वर बोलावलंय. मोठ्या लीगमध्ये. आज संध्याकाळी सातची मॅच."

बाकीच्या तिघांनी सोंगट्यांवरची नजरसुद्धा काढली नाही.

"तुझी पाळी आहे," रुफिनो म्हणाला.

काडी म्हणजे निकासिओचा बेसबॉल खेळणारा नातू. अंगानं काडीसारखा, म्हणून नावही तेच. खरं नाव पासपोर्टावर होतं आणि पोराबरोबर अमेरिकेला गेलं होतं. दुकानात त्याच्या बातमीनं कुणाची पापणीही हलली नाही, यात पोराचा काही दोष नव्हता. तेरा वर्षांच्या काडीनं मारलेला चेंडू उसाच्या फडावरून उडाला, सान पेद्रोच्या बंदरातून निघालेल्या जहाजावर पडला, पोर्तो रिकोला उतरला आणि तीन आठवड्यांनी टपालानं घरी आला, वर जकातीचा शिक्का, ही आजोबांची गोष्ट वस्तीतल्या कोंबड्यांनाही पाठ होती. दुसऱ्या एका गोष्टीत काडीच्या बॅटच्या वाऱ्यानं शेजारणीचे दोरीवरचे कपडे वाळले होते. आणि एप्रिलमध्ये तर याच निकासिओच्या शब्दावर सगळी गल्ली खुर्च्या घेऊन दुकानात आली, नऊच्या नऊ डाव बघत बसली, आणि काडीचा पत्ता नाही. तेव्हापासून टीव्हीचा रिमोट दुकानवाल्या एर्सिलियाच्या एप्रनच्या खिशात राहायचा.

निकासिओच्याच काय, कुणाच्याच घरी सकाळपासून वीज नव्हती. वस्तीत बॅटरीवर चालणारा टीव्ही दुकानातला हा एकच.

"एर्सिलिया, सातला टीव्ही लावशील ना?"

"लावणार की. बॉक्सिंग आहे."

"मॅच लाव, पोरी."

"डॉन निकासिओ, एप्रिलमध्ये तुम्ही आईची शपथ घेतली होती."

"आई जाऊन वीस वर्षं झाली होती. तिला आणखी काय होणार होतं?"

टेबल खदखदून हसलं. रुफिनोनं डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "बरं, चल, सांग. कसं बोलावलं? हेलिकॉप्टर पाठवलं का? मॅनेजर गुडघ्यावर बसला असेल!"

एर्सिलियाची सलामीचं सॉसेज कापणारी सुरी थांबली. खरं सांगायचं तर म्हाताऱ्याच्या गोष्टी सगळ्यांनाच हव्या असायच्या. निकासिओनं तोंड उघडलं. एरवी गोष्ट आपली आपण यायची, त्याला फक्त वाट द्यावी लागायची. हेलिकॉप्टर तर रुफिनोनं आयतंच दिलं होतं. पण आज आत काहीच हलेना.

"मॅनेजरनं खोलीत बोलावलं," तो म्हणाला. "म्हणाला, बॅग भर."

"मग?"

"पोराला वाटलं, काढून टाकलं. घरी पाठवतायत. रडला."

एर्सिलियानं सुरी खाली ठेवली.

"मॅनेजरला गंमत करायची होती. मग त्याचाच चेहरा पडला. पाणी दिलं त्यानं. म्हणाला, घरी नाही रे बाबा, वर चाललायस." निकासिओ पालथ्या सोंगटीवर बोट फिरवत राहिला. "खेळवतीलच असं नाही. बाकावर बसवतील म्हणे."

सात वर्षांच्या गोष्टींत काडी एकदाही रडला नव्हता. बाकावर बसायची तर त्याला कधी सवडच मिळाली नव्हती.

रुफिनो त्याच्याकडे बघत राहिला. मग मान न वळवता म्हणाला, "एर्सिलिया, गाणं बंद कर."

एर्सिलियानं वाजत असलेलं बाचाताचं गाणं बंद केलं.

या वस्तीत दुकानातलं गाणं मयतीशिवाय थांबत नाही. पाच मिनिटांत दारं उघडली. समोरची तोमासिना डोक्यावर काळी ओढणी आणि हातात कॉफीचा थर्मास घेऊन धावत आली. "कोण गेलं? कोण गेलं?"

"कुणी नाही," एर्सिलिया म्हणाली आणि एप्रनमधून रिमोट काढला. "कॉफी राहू दे. खुर्ची आण."

सात वाजेपर्यंत चाळीस माणसं जमली. दोन डाव गेले, काही नाही. लोक निकासिओकडे तिरपं बघायला लागले. तिसऱ्या डावात कॅमेरा बाकावरून सरकला आणि शेवटच्या टोकाला काडी दिसला. दोन मापं मोठं जॅकेट, दोन्ही हात गुडघ्यांत. असा आरडाओरडा झाला की एर्सिलियाचा कुत्रा रस्ता ओलांडून पळाला. काडी फार तर दोन श्वास दिसला असेल.

"जेवलेला दिसत नाही," निकासिओ म्हणाला, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

तोमासिनाचा नवा जावई राजधानीचा. त्यानं विचारलं, "कोण हा पोरगा?"

रुफिनो खुर्चीवर चढला. "हा? अहो, याचा चेंडू जहाजावर पडताना मी पाहिलाय! या दोन डोळ्यांनी! टपालानं परत आला तेव्हा शिक्क्याची शाई ओली होती, माझ्या बोटाला लागली!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तोमासिनानं तर शाईचा रंगही सांगितला.

जावई निकासिओकडे वळला. "खरंच का हो, डॉन निकासिओ?"

पडद्यावर आता दुसरंच कुणी होतं. निकासिओची नजर मात्र जिथं बाकाचं टोक होतं तिथंच होती.

"जहाजबिहाज नव्हतं," तो हळूच म्हणाला. "गाईला लागला होता. गाय आमचीच होती."

"ए म्हाताऱ्या!" रुफिनो खुर्चीवरून ओरडला. "आज तरी थापा मारू नकोस!"