जुईचा केक

"बीट अजून बारीक किसा. दाताखाली एक तुकडा जरी आला, तरी ती थुंकून टाकेल," खुर्चीत बसलेली हेमांगी म्हणाली. यशोधनने पुन्हा किसणी हातात घेतली.

त्यांच्या सतरा वर्षांच्या जुईला कुठलंच धान्य सोसत नव्हतं आणि भाजी दिसली की ती किंचाळायची. बोलणं तिला कधी जमलंच नाही. आईने केलेला, बदामाच्या पिठाचा चॉकलेट केक तेवढा ती पोटभर खायची. कोकोच्या काळ्या रंगाआड बीट, भोपळा, पालक लपलेला असे. आता हेमांगीचा कॅन्सर औषधांना दाद देत नव्हता, म्हणून यशोधन ओट्याशी उभा होता. त्याने केलेले आधीचे सगळे केक जुईने भिंतीवर फेकले होते.

आज मात्र तिने काप हुंगला, एक घास घेतला आणि सगळा संपवला. मग आणखी हवा म्हणून तिने बाबाची बाही ओढली.

"खाल्ला गं हिने! माझ्या हातचा खाल्ला!" यशोधनला हुंदका आवरेना.

हेमांगी हसली. पण तिच्या अंगातलं उरलंसुरलं बळ एकाएकी ओसरलं. आपल्यामागे लेक उपाशी राहील, या धास्तीनेच तिला इतके दिवस उठवून बसवलं होतं.

"अहो, मला आत निजवा आता," ती म्हणाली.

त्यानंतर तिने अंथरूण सोडलं नाही. आठवड्याभरात ती गेली. त्या दिवशीही जुईला भूक लागली आणि यशोधन डोळे पुसत बीट किसायला बसला.