खराब रक्त

रंभाबाईच्या तान्ह्या नातवाला ऐकू येत नव्हतं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी समजावलं, "कानाची नस घडवणाऱ्या जनुकातच दोष आहे. तो आई आणि वडील, दोघांकडून आलाय."

रंभाबाईनं त्यातला 'आई' एवढाच शब्द ऐकला अन् बाहेर येताच बाकावरच्या अनोळखी बायांपुढं सुनेचा उद्धार सुरू केला. "माह्या पोराचं रक्त धुतल्या तांदळावानी हाये! हे सारं हिच्या माहेरचं खराब रक्त!"

"मंग अशा घरची पोरगी केली काऊन बाई?" एकीनं विचारलं, अन् ती सुनेकडं, दिव्यानीकडं वळली. "कुठचं माहेर वं तुहं?"

दिव्यानीनं पदराखालचं लेकरू सावरलं.



"ह्यायचं जे माहेर हाये, थेच. माह्या सख्ख्या आत्या हायेत ह्या."