गाळात दिसलेलं जहाज

"रालूबाईनं जहाज कंपनीचे शेअर कोसळायच्या आदल्याच दिवशी सगळे विकले म्हणे! आतून कुणी सांगितल्याशिवाय?" कॉफी संपवत स्तामाता म्हणाली.

"बिस्किटांचा एवढा मोठा कारखाना, तरी बाईची हाव सुटत नाही," फोतिनी फणकारली. "आणि कुणी सांगितलं विचारलं, तर तोंड शिवून बसलीय."

"बोलेल गं. चार दिवस कोठडीत काढले की पोपटासारखी बोलेल."

दोघींनी आपापले कप बशीत उपडे घातले आणि पुढे सरकवले. "एव्हांथिया, आज आमचं भविष्य राहू दे. रालूबाईला कुणी सांगितलं, तेवढं बघ!"

दोघी खिदळल्या. पिरेअस बंदरातल्या निम्म्या बायकांना कॉफीच्या गाळात बघून भविष्य सांगणाऱ्या एव्हांथियाला आज कप उचलवेना.

शेअर कोसळायच्या आदल्या दिवशी सकाळी त्याच जहाज कंपनीच्या हिशेबनिसाची बायको याच खुर्चीत बसून रडली होती, कंपनी बुडाली म्हणून. दुपारी रालूबाई आल्या, नेहमीसारखी एव्हांथियाच्या लेकीसाठी बिस्किटं घेऊन. त्यांच्या कपात काहीसुद्धा दिसत नव्हतं.

तरी तिनं त्यांचा हात धरून सांगितलं होतं, "बाई, मला बुडणारं जहाज दिसतंय. आजच उतरा."