डब्याच्या झाकणाची पट्टी

जुन्या डब्याच्या झाकणातून कापलेली पट्टी आप्पांनी पक्कडीनं वाकवली आणि डॅशबोर्डवर स्क्रूनं घट्ट बसवली. इंजिन किती तापलं ते दाखवणारा मीटर तिच्यात अडकवला आणि त्याचं तोंड बायकोच्या सीटकडे वळवलं. आधीची, आता तुटलेली पट्टीही अशीच तिच्याकडे वळवलेली होती. घाटात आप्पांची नजर रस्त्यावरून हलायची नाही. काटा सांभाळायचं काम कुंदाताईंचं. "चढला हो, थांबा," असं त्या म्हणाल्या की गाडी मुकाट्यानं कडेला लागायची.

वर्षभरात कुंदाताई बरंच विसरल्या होत्या. गॅस बंद करायचा, मग घराचा रस्ता, मग धाकट्या लेकीचं नाव. पण काटा ती विसरायची नाही, हा आप्पांचा हट्ट. डॉक्टरांना काय कळतंय! त्याच हट्टानं ते आज तिला घेऊन कुंभार्ली घाट चढत होते.

"कुंदा, काटा कुठं आहे गं?"

कुंदाताईंनी मीटर नीट निरखून पाहिला. "तीन वाजत आले," त्या म्हणाल्या. "चहा टाकायला हवा."

पुढच्याच वळणावर बॉनेटमधून वाफ उसळली. गाडी कडेला घेऊन आप्पांनी वाकून मीटर पाहिला. काटा लाल रेघेच्या पार गेला होता. मग त्यांनी हात पुढे करून पट्टी आपल्याकडे वळवली. पत्रा मऊ होता, लगेच वळला.

"अहो," कुंदाताई कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणाल्या, "आता मला कसं दिसणार?"