जुन्या अभ्यासक्रमाचं पुस्तक

"हे नका नेऊ, मिस्त्री," पुस्तकवाला म्हणाला. "अभ्यासक्रम बदलून वर्ष झालं. हे मी रद्दीत घालायला काढून ठेवलंय."

"आणि नवं?"

पुस्तकवाल्याने नवं पुढे सरकवलं. जाडजूड होतं, शेवटी सरावाचे प्रश्नही होते. मिस्त्रींनी अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं. मोबाइल, क्लाउड, नेटवर्कची सुरक्षा. जुन्यात यातलं निम्मंही नव्हतं. तीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला यातलं कोणतं चांगलं हे कुणी सांगायला लागत नाही. त्यांनी नवं परत केलं आणि जुनं पिशवीत टाकलं.

"मुलीला हवंय ना? तंत्रज्ञाच्या परीक्षेला?"

"पाया पक्का झाला की बस्स," मिस्त्री म्हणाले आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पडले.

मुलगीच म्हणाली होती, "पुस्तक तुम्ही निवडा, बाबा. तुमच्याइतकं कुणाला कळतंय?" दूरच्या शहरातली एक कंपनी तिला नोकरीवर घ्यायला तयार होती. अट एकच, प्रमाणपत्र. पास झाली तर ती जाणार, नापास झाली तर इथेच दुकानात राहणार. तिची आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात दोनच माणसं उरली होती आणि मुलगी गेली की मिस्त्री एकटेच राहणार होते.

दुकानात येऊन त्यांनी छपाईचं साल असलेलं पान ब्लेडने कापलं आणि पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. पूर्वी तिच्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं तिची आई घालायची. मिस्त्रींचे कोपरे वाकडेतिकडे आले.

"छान घातलंत," मुलगी म्हणाली. तिने पुस्तक चाळलं, मागचं पुढचं पाहिलं आणि ठेवून दिलं.

संध्याकाळी सातला शटर अर्धं खाली यायचं. कामाच्या टेबलापाशी दोन स्टुलं लागायची आणि मिस्त्री शिकवायला बसायचे. चार वर्षं बापलेकींचं बोलणं म्हणजे दूध संपलंय आणि अमक्याचा प्रिंटर झाला का, एवढंच होतं. आता मिस्त्रींना कंठ फुटला. पॉवर सप्लायच्या धड्यात त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात जाळलेल्या पॉवर सप्लायची गोष्ट सांगितली. धूर बघून तिची आई शेजाऱ्यांची पाण्याची बादली घेऊन धावत आली होती आणि ती बादली तिने थेट नवऱ्याच्या डोक्यावर ओतली होती. मुलगी इतकी हसली की तिला पुस्तक खाली ठेवावं लागलं. मिस्त्रीही हसले. मग दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी घाईने पान उलटलं.

"बाबा, यात मोबाइलचं काहीच कसं नाही?" तिने एकदा विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. मिस्त्रींनी घट्ट बसलेला स्क्रू उगाच पुन्हा पिळला. "ते... विचारत नाहीत फारसं."

"बरं," ती म्हणाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

पोरगी हुशार होती, पण प्रिंटर काही तिच्या डोक्यात शिरेना. तो धडा तिने तीनदा समजावून घेतला. मिस्त्रींना आतून बरं वाटायचं आणि बरं वाटतंय याची लाजही वाटायची. एका शुक्रवारी ती मैत्रिणीकडे जाते म्हणून सकाळीच गेली आणि चार वाजता थकून परत आली.

"आज राहू दे," मिस्त्री म्हणाले.

"नको. प्रिंटरचं अजून नीट कळलं नाहीये."

परीक्षा शनिवारी आहे, असं तिने सांगितलं होतं. जसजसा शनिवार जवळ आला, तसतसे मिस्त्री ताट अर्धं टाकून उठू लागले. पोरगी त्यांच्या शब्दावर विसंबून तास न् तास पाठ करत होती आणि तिचा सख्खा बाप तिचे पाय ओढत होता. तिची आई असती तर तिने काय केलं असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. गुरुवारी दुपारी ते पुस्तकवाल्याकडे गेले. त्याने मागितल्याबरोबर नवं पुढे सरकवलं, हे त्याचे उपकारच.

संध्याकाळी त्यांनी नवं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"मी तुला जुनं आणून दिलं," ते म्हणाले. "चुकून नाही. मुद्दाम. तू नापास व्हावीस म्हणून. तू गेलीस तर मी काय करू, मला सुचत नव्हतं." "दोन दिवसांत होईल तेवढं वाच. नाहीतर पुढच्या वेळी बस. फी मी भरतो. मी अडवणार नाही तुला."

मुलीने नव्या पुस्तकाला हात लावला नाही. तिने पिशवीतून एक पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. आत प्रमाणपत्र होतं. तिचं नाव, दोन्ही पेपर उत्तीर्ण. मिस्त्रींनी चष्मा पुसून तारीख पुन्हा वाचली. महिन्यापूर्वीचा शुक्रवार होता.

"नवं पुस्तक मी पहिल्याच आठवड्यात घेतलं होतं. मैत्रिणीकडे ठेवलं होतं," ती म्हणाली. "सोमवारी हजर व्हायचंय, बाबा. शनिवारी सांगणार होते."

पास झाल्याचा आनंद आणि सोमवार, दोन्ही एकदमच मिस्त्रींच्या अंगावर आले होते. त्यांनी विचारलं, "परीक्षा होऊन महिना झाला. मग रोज संध्याकाळी इथे काय करत होतीस?"

"तुमच्याशेजारी बसत होते."