नमुन्यातला चेहरा

स्क्रीनवर उमटलेली पंचविशीतली मुलगी मंजिरी नव्हती. नमुन्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून हे यंत्र गाठीतल्या पेशींवरून पेशंटचा तरुणपणीचा चेहरा रेखाटायचं. मंजिरीच्या गर्भाशयातल्या गाठीवरून त्याने भलताच चेहरा काढला होता.

"मशीनला चष्मा लावा मॅडम," तिचा नवरा उदय म्हणाला. "ही माझी बायको नाही."

डॉक्टर तडवी हसल्या नाहीत. "नमुना यांचाच आहे. मार्चमध्ये गर्भ पडला, तेव्हा वारेच्या, म्हणजे बाळाच्याच, काही पेशी आत राहिल्या. हा दुर्मिळ कॅन्सर त्या पेशींचा आहे. म्हणून चेहरा तुमच्या बाळाचा आलाय."

हनुवटीवरची खळी उदयची होती, जाड भुवया मंजिरीच्या.

"मुलगी होती," ती म्हणाली.

"औषधाने या सगळ्या पेशी मरतील. तुम्ही पूर्ण बऱ्या व्हाल."

"मग आजच सुरू करा," उदय घाईने म्हणाला.

"बाप ना रे तू तिचा?" मंजिरीने विचारलं.

तिने स्क्रीनवरच्या खळीवरून एकदा बोट फिरवलं आणि स्वतःच बाही वर सारली.

"आधी ती स्क्रीन बंद करा," ती म्हणाली. "तिच्यासमोर नको."